पाण्याखालचा चष्मा

तीन आठवडे झाले, वारा थांबायचं नाव घेत नव्हता. कोरडा, धुळीचा वारा. दुकानांच्या पाट्या खडखडत होत्या आणि माणसं डोळे बारीक करून, कुणाशी तरी भांडून निघाल्यासारखी चालत होती. चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत भिंगोबानं आल्या आल्या टॉवेल भिजवला, पिळला आणि दाराखालच्या फटीत कोंबला. खिडकीच्या कडांना ओल्या कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. मग पॉलिशच्या चाकावरची जाड लोकरी नमद्याची गादी ओली केली, तिच्यावर गुलाबी पावडरची खळ ओतली आणि मोटर चालू केली. अशा दिवसांत गादीवर धुळीचा एक कण बसला, की काचेवर केसभर ओरखडा उठतो, आणि त्या केसासाठी गिऱ्हाईक तासभर डोकं खातं.

पण त्या सकाळी चाकावर गिऱ्हाइकाची काच नव्हती. त्याची स्वतःची होती. नऊ नंबरची, आणि चौथ्यांदा घासायला घेतलेली.

भिंगोबा हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. तीस वर्षं माणूस भिंगं घासतोय आणि स्वतःच्या नाकावर बाटलीच्या बुडाएवढी जाड भिंगं घेऊन फिरतोय, मग लोक दुसरं काय म्हणणार? त्यातही खरा कामाचा डोळा एकच, उजवा. डावा जन्मापासून आळशी. त्याला चष्मा लावा नाही तर दुर्बीण लावा, सगळं धुक्यातलंच दिसायचं. "एक डोळा राबतो, दुसरा सरकारी नोकरीत आहे," असं भिंगोबा स्वतःच सांगायचा.

गेली वीस वर्षं त्याच्याकडे एक वेगळं काम यायचं. तरणतलावावर एक मास्तरीण स्कूबा, म्हणजे टाकीतल्या हवेवर पाण्याखाली पोहणं, शिकवायची. ज्यांना चष्मा आहे त्यांना पाण्यात साध्या मास्कमधून काही दिसत नाही, म्हणून ती त्यांचे मास्क भिंगोबाकडे धाडायची. मास्कच्या सपाट काचेला आतून नंबरची काच चिकटवायची, मधे हवेचा बुडबुडा राहता कामा नये. नाजूक काम. त्या मुलखात असं काम करणारा दुसरा कुणी नव्हता. आणि दूरच्या समुद्रांवर जाऊन आलेल्या माणसाला भिंगोबा एकच प्रश्न विचारायचा, "काय काय दिसलं?"

लोक सांगायचे. पोपटमासे प्रवाळ कुरतडतात तेव्हा पाण्यात कटकट ऐकू येते म्हणे. बँकेतल्या एका बाबूला कासव भेटलं, ते थेट त्याच्या सासऱ्यासारखं. एक शब्द न बोलता खालून वरपर्यंत बघून घेतलं आणि आपल्या वाटेनं निघून गेलं. भिंगोबा हे सगळं बायकोला जेवताना सांगायचा, स्वतः बघून आल्यासारखं.

त्यानं स्वतः मात्र पाण्याखालचं कधी काही म्हणजे काही पाहिलं नव्हतं. एक्कावन्नाव्या वर्षी हट्टानं पोहायला शिकला. चष्मा काढून तलावात उतरलं की सगळं दूध. एकदा त्यानं भिंतीला "जरा सरकता का" म्हटलं होतं, आणि मास्तरीण त्यावर आठवडाभर हसत होती.

जायचं ठरवलं ते बायकोनं. ती बसवर कंडक्टर. बावीस वर्षं एकाच मार्गावर. भिंगोबा एकदा सहज म्हणाला, "एकदा तरी बघायला पाहिजे गं खाली काय आहे ते." ती म्हणाली, "मग बघा की. मी रोज तेच चौदा थांबे ओरडते. एकदा पंधरावा बघू."

बाई हात धुऊन मागे लागली. आठ महिने आधी रजा टाकली. कपाटाच्या दाराला आतून कागद डकवला, त्यावर दिवसांचे रकाने पाडले. परदेशातलं एक बेट, सात दिवस. पहिले दोन दिवस काठाजवळ स्नॉर्केलिंग, तोंडात नळी धरून नुसतं तरंगायचं आणि खाली बघायचं. पुढचे दोन दिवस उथळ पाण्यात शिकवणी. पाचव्या दिवशी पाठीवर टाकी बांधून मास्तरणीबरोबर तीन पुरुष खोल. बायको स्वतः पाण्यात उतरणार नव्हती. "मी वरनं घंटी मारते," म्हणाली. पासपोर्टच्या फोटोला भिंगोबाला चष्मा काढायला लावला, तेव्हा फोटोवाला म्हणाला, "कॅमेऱ्याकडे बघा." तो म्हणाला, "बघतो, पण आवाज देत राहा."

सगळं रांगेला लागलं. मास्क तेवढा राहिला होता, आणि तो तर घरचाच धंदा.

पहिली जोडी घासून, चिकटवून त्यानं मास्क डोळ्याला लावला, तर उजव्या बाजूला बारीक काळे ठिपके. मिरपूड सांडल्यासारखे. वारा तेव्हाच सुटला होता. धूळ गेली चिकटवताना, म्हणून त्यानं काच उतरवली आणि नवी घासली. दुसऱ्या जोडीत ठिपक्यांच्या जोडीला एक लोंबता धागा दिसला. त्याचा दोष डिंकाच्या बाटलीवर गेला. तिसऱ्या जोडीत मान वळवली की कडेला वीज चमकायची. काचेच्या कडेवरून उजेड परततो कधीकधी, म्हणून त्यानं कडा काळ्या रंगवल्या. घरच्या साध्या चष्म्यातही ठिपके होते, पण तो चष्मा पाच वर्षांचा, जागोजाग घासलेला. त्याला कोण विचारतो.

बायको दोनदा म्हणाली, "अहो, एकदा मालकांना डोळा दाखवा ना."

"डोळ्याला काय धाड भरलीय? वारा बघ कसला सुटलाय."

यात त्याचा हट्ट होता, पण नुसता हट्ट नव्हता. दुकानाचे मालक पुढच्या खोलीत डोळे तपासायचे आणि मागच्या खोलीसाठी त्यांचा पहिल्या दिवसापासूनचा नियम होता. गिऱ्हाईक दिसत नाही म्हणालं, तर त्याच्या डोळ्याला नाव ठेवायचं नाही, काच परत घासायची. तीस वर्षं भिंगोबा हेच करत आला होता. दहातल्या नवांचा दोष काचेतच निघायचा. दहावा जो असायचा त्याला मालक पुढेच बसवायचे, बॅटरीच्या उजेडात डोळा बघायचे आणि चिठ्ठी देऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवायचे. तो दहावा माणूस मागच्या खोलीपर्यंत कधी आलाच नव्हता.

त्या वाऱ्याच्या सकाळी चौथी जोडी तयार झाली. भिंगोबानं मास्क उचलून डोळ्याला लावला. ठिपके होतेच. शिवाय नाकाच्या बाजूला, खाली, काहीतरी राखाडी लोंबत होतं. खिडकीवरची कागदाची पट्टी सुटली असेल, म्हणून तो उठला. पट्टी जागच्या जागी होती. त्यानं मास्क पुसला. मग काढून चष्मा लावला. राखाडी तिथंच. मग चष्मा काढला, तरी ते हललं नाही. चाक रिकामंच फिरत होतं. त्यानं मोटर बंद केली आणि भिंतीला हात लावत लावत पुढे गेला.

मालकांनी बाहुली मोठी करायचे थेंब टाकले आणि बराच वेळ डोळ्यात बघितलं. एरवी ते तपासताना बडबड करायचे.

"कधीपासून?"

"तीन आठवडे झाले असतील. काचेत काहीतरी राहतंय म्हणून मी पुन्हा पुन्हा..."

"अरे, दहा पावलांवर बसलेलो असतो रे मी."

मालकांनी स्वतः रिक्षा बोलावली.

डोळ्याचा मागचा पडदा सुटला होता. शस्त्रक्रिया करणारी डॉक्टरीण तरुण होती आणि खोटं बोलायची सवय तिला अजून लागली नव्हती. ती म्हणाली, पडद्याला आधी भोक पडतं, ठिपके दिसतात ते तेव्हाच. त्या पहिल्या आठवड्यात आला असतात, तर लेझरनं दहा मिनिटांचं काम होतं. त्याच दिवशी ऑपरेशन झालं. डोळ्यात वायूचा बुडबुडा भरला आणि भिंगोबाला पंधरा दिवस पालथं झोपवलं. जन्मभर काचेतले बुडबुडे काढणारा माणूस डोळ्यातला बुडबुडा सांभाळत फरशी बघत पडला. बायको शेजारी जमिनीवर बसून त्याला भरवायची. म्हणायची, "समजा की खाली बघायची प्रॅक्टिस चाललीय." सुरुवातीला तो हसायचा.

बुडबुडा विरला. पडदा मात्र पुन्हा सुटला आणि या खेपेला आक्रसला. सहाव्या आठवड्यात डॉक्टरणीनं त्याच्या तोंडासमोर बोटं धरली. त्याला हात हलताना कळला, बोटं मोजता आली नाहीत.

"आणखी एकदा उघडून बघता येईल," ती म्हणाली, "पण त्यातून काही हाताला लागेल असं मी सांगणार नाही."

भिंगोबानं मान हलवली. मग विचारलं, "आणि पाण्याखाली?"

बायकोनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. डॉक्टरीण म्हणाली, "नाही. या डोळ्यांनी नाही."

उरला तो आळशी डावा. त्याच्या वाट्याला पंचावन्नाव्या वर्षी राबणं आलं. त्याला दार कळायचं, माणूस कळायचा, कोणता माणूस ते बोलल्यावर. भिंगोबा दोन दिवस दुकानात जाऊन बघून आला. तिसऱ्या दिवशी चाकावर काचेऐवजी अंगठा टेकला. मालकांनी पुढच्या खोलीत खुर्ची टाकली, "इथं बस, गिऱ्हाइकांशी बोल" म्हणाले. तो बसला तासभर. आत मालकांनी नवा कारागीर लावला होता आणि त्याच्या चाकाचा आवाज चुकत होता, दाब जास्त पडत होता. भिंगोबा उठून घरी आला.

बेटावर जायला अठरा दिवस राहिले तेव्हा मास्तरणीचा फोन आला. बायकोनं आवाज मोठा करून फोन त्याच्यापुढे ठेवला.

"काका, या तुम्ही," मास्तरीण म्हणाली. "पाण्यात नका उतरू. पण तळाला काच बसवलेली होडी असते. त्यात बसून..."

"बाई, काच बघायला कशाला एवढ्या लांब यायचं?"

ती हसली नाही. म्हणाली, "तुमची जागा मी शेवटपर्यंत ठेवते." तो म्हणाला, "नका ठेवू. कुणी असेल तर द्या." मग तिच्या एका विद्यार्थ्याचा मास्क आपल्याकडे अर्धवट राहिलाय, तो मालकांकडून मागून घ्या, एवढं सांगून त्यानं फोन बायकोकडे सरकवला.

तिचा सुट्टीचा दिवस होता. भांड्यांचा आवाज करत ती ओट्याशी उभी राहिली. पाठमोरीच म्हणाली, "अहो, जाऊ या ना तरी. मी उतरते पाण्यात. शिकेन मी. काय काय दिसलं ते वर येऊन तुम्हाला सांगेन सगळं. एकूण एक."

"सांगशील तू. चांगलं सांगशील."

"मग?"

"वीस वर्षं ऐकलंच की गं."

तिनं नळ बंद केला. रस्त्यावरून तिच्याच मार्गाची बस गेली, हे त्यानं आवाजावरून ओळखलं. तिनं कपाट उघडलं आणि आतला कागद काढला. एका कोपऱ्याला गोंद घट्ट होता, तो नखानं खरवडत बसली.

"रजा परत करते उद्या," ती म्हणाली. "उगाच कशाला वाया."

"कर."

"त्यातले दोन दिवस ठेवून घरी बसायचं का? नुसतं?"

"तू बस की. मी बसलोच आहे."

तिला हसू आलं नाही आणि रडूही तिनं येऊ दिलं नाही. कागदाची घडी घालून तिनं तो डब्यांच्या फळीवर अंथरला, तिथला जुना कागद तेलकट झाला होता. मग गॅलरीत जाऊन दोरीवरच्या चादरी काढून आणल्या आणि त्यातल्या एकीची दोन टोकं त्याच्या हातात दिली.

"धरा. ओढा जरा. एवढं नाही, मी पडेन."

त्यानं चाचपून शिवण शोधली, कोपऱ्याला कोपरा लावला आणि तिच्याकडे चार पावलं चालत गेला. तिनं टोकं घेतली. तो वाकून चादरीची खाली लोंबणारी, घडी पडलेली बाजू शोधू लागला.