दोर माझ्याकडे होता

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्या नव्या होत्या आणि जिल्ह्यात प्यायला पाणी नव्हतं. सिव्हिलच्या, म्हणजे मुलकी प्रशासनाच्या, मदतीला आमच्या इंजिनिअर कंपनीची एक डिटॅचमेंट आली. बोअर घेणं आणि जुन्या विहिरी सुरुंग लावून खोल करणं, एवढंच काम. मी तेव्हा नायक होतो, पण सुरुंगवाला नव्हे. मी लांगरी, म्हणजे फौजेतला स्वयंपाकी.

कॅम्प औशाच्या पुढे, एका ओसाड गावाबाहेर होता. गावाचं नाव लिहीत नाही. माणसं रोजगार हमीच्या कामांवर गेली होती. दारांना कुलपं होती. एका दारावर खडूनं लिहिलं होतं, ‘पाऊस झाला की येऊ.’ मागं राहिली होती एकटी हलीमाबी. ती रोज सकाळी आमच्याकडून वरण आणि घागरभर पाणी घेऊन जायची.

कॅम्पपासून दोनशे पावलांवर एक जुनी विहीर होती. चाळीस फूट दगडी पायऱ्या, त्याखाली आम्ही लावलेली वीस फुटांची लोखंडी शिडी. हलीमाबी तिच्या काठाला कधी गेली नाही.

"बेटा, ही बावडी दुपारची माणसाला बोलावती," ती म्हणाली होती. "आधी पेटता काकडा सोडायचा. इझला तर समजायचं, आज ती भुकेली हाय."

पोरं हसली. खरं तर आमचा नियम तोच होता. सुरुंगाचा धूर आणि जड वायू तळाला बसतात. म्हणून स्फोटानंतर चार तास कुणी उतरायचं नाही. मग कंदील सोडायचा. तो जळत राहिला, तर कमरेला दोर बांधून माणूस उतरायचा. काठावर एक माणूस दोर धरून. दोन झटके आले की ओढायचं. दोर धरणाऱ्यानं जागा सोडायची नाही.

लान्स नायक वीरभद्र हा आमचा सुरुंगांचा माणूस. देवणीकडचा, लिंगायत घरचा. गळ्यात इष्टलिंग. मांस नाही, दारू नाही, तंबाखूसुद्धा नाही. रोज जेवणाआधी तो मगभर पाण्यानं अंग धुवायचा आणि स्टोअर तंबूच्या मागं बसून तळहातावर लिंग घेऊन पूजा करायचा. त्या वेळात त्याला कुणी हाक मारत नसे. मेजर साहेबसुद्धा थांबायचे.

ब्रिगेडियर साहेबांची इन्स्पेक्शन ठरली. मेजर साहेबांनी मला बोलावलं.

"टर्की इन वाइन सॉस. साहेबांना आवडते. खाली हिरव्या पालेभाजीचा थर पाहिजे. जमेल?"

"टर्की जमेल, सर. पालेभाजी कुठून आणू?"

"तो तुझा प्रश्न."

नांदेडला एक गृहस्थ हौसेनं टर्की पाळत. त्यांच्याकडून जोडी आली. वाइन सिकंदराबादहून आली. टर्कीची एक खोड असते. मोठा आवाज झाला की ती उत्तर देते. स्फोट झाला, शिट्टी वाजली, कुणी ‘सावधान’ म्हणालं, की दोन्ही पक्षी एकदम गडगडायचे. पोरांनी त्यांना सुभेदार साहेब नाव ठेवलं.

इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी मी एक टर्की कापली. तुकडे मीठ, मिरपूड, लसूण आणि घोटभर वाइन लावून ठेवले. दुसरी खोक्यात राहिली, गरज पडली तर म्हणून. वीरभद्र लांब उभा राहून बघत होता.

"दादा, काय करून राहिलात हे? इथं माणसाला पाणी न्हाई आन् तुम्ही कोंबड्याला दारू पाजून राहिलात."

"कोंबडा नाही रे, टर्की."

"कोंबड्याचा आजा दिसतोय." मग म्हणाला, "मी त्याला हात लावणार न्हाई. पण भाजी देतो आणून. बावडीच्या तळाला, सुरुंगाच्या उलट्या अंगाला लई तांदुळजा आलाय. घोळ पण हाय. थोडी मला बी ठेवा, नुसत्या लसणाची."

मला आनंद झाला. हे खरं आहे, म्हणून लिहितो.

इन्स्पेक्शनच्या दिवशी स्फोट साडेआठला झाला. नियमाप्रमाणे साडेबाराच्या आत विहिरीत उतरायचं नव्हतं. जेवण एकला होतं. भाजी निवडून, धुऊन, शिजवून व्हायला दीड तास हवा होता. दहा चाळीसला मी वीरभद्रला विहिरीवर घेऊन गेलो. बाकीची माणसं बोअरच्या रिगवर आणि शामियान्याकडे होती.

"कंदील सोडू?" त्यानं विचारलं.

"वेळ नाही. चल."

तो लान्स नायक, मी नायक. माझं म्हणणं हा हुकूम होता. त्यानं कमरेला दोर बांधला, टोपली घेतली. दोराचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

"धरून ठेवा, दादा."

"हाव, उतर."

दहा पन्नासला मला आठवलं की पातेलं मोठ्या आचेवर आहे. लोण्यात परतलेले तुकडे, कांदा आणि वर ओतलेली वाइन. सॉस लागला तर दुसरी बाटली नव्हती. मी दोर काठावरच्या कडुलिंबाला बांधला आणि किचनकडे पळालो. पाच मिनिटांत परत यायचं, असं ठरवून.

सॉस तळाला धरत होता. मी उरलेली वाइन ओतली. घाईत हातावर, ॲप्रनवर सांडली. झाकणाला कणकेचा लेप लावला, आच कमी केली आणि वाफ धरेपर्यंत तिथंच थांबलो. रॉकेलच्या बर्नरचा आवाज एवढा असतो की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही.

पण टर्कीला ऐकू येत होतं.

खोक्यातली टर्की गडगडली. मी पाहिलं. शिट्टी नाही, स्फोट नाही, मैदानात कुणी नाही. ती गप्प झाली. मान ताठ करून विहिरीकडे बघत राहिली. पुन्हा गडगडली. पुन्हा थांबली, जणू पलीकडचं बोलणं संपू देत होती. उन्हात एक पान हलत नव्हतं. हे आठदहा वेळा झालं. प्रत्येक वेळी मान त्याच दिशेला. हलीमाबीचं बोलणं आठवलं, आणि त्याची मला लाज वाटली. मी खोक्यावर गोणपाट टाकलं. पक्षी गोणपाटाखालूनही बोलत राहिला. मग दोन गडगडण्यांमधलं अंतर वाढत गेलं. मग तो थांबला.

गोणपाटाचा उपयोग झाला, असं मी समजलो.

साडेअकराला विहिरीवर गेलो. दोर ओढला. हलका लागला. टोपली वर आली, काठोकाठ भरलेली. तांदुळजा एका बाजूला, घोळ एका बाजूला, मुळं तोडून नीट लावलेली. मी खाली हाक मारली. उत्तर नाही. वरून बारवेत पाहिलं तर पायऱ्या संपतात तिथून पुढं उन्हातून आलेल्या डोळ्यांना काळोखच दिसत होता. त्यानं दोर सोडून टोपलीला बांधला आणि शिडीनं वर येऊन अंघोळीला गेला, असं मी धरलं. वेळही त्याच्या पूजेची होती. पूजेला बसलेल्या वीरभद्रला हाक मारायची नाही, हे कॅम्पात सगळ्यांना पाठ होतं. मी स्टोअर तंबूच्या मागं डोकावलोसुद्धा नाही. त्याची पूजा मोडू नये म्हणून.

जेवण एकला लागलं. मोठ्या प्लेटमध्ये लसणावर परतलेल्या भाजीचा थर, त्यावर टर्की, वरून काळपट लाल सॉस. ब्रिगेडियर साहेबांनी आधी भाजी खाल्ली.

"या वाळवंटात इतकी ताजी भाजी? कुठून आणली?"

"विहिरीतून, सर," मी म्हणालो.

"शाबास."

वीरभद्रची वाटी मी झाकून बाजूला ठेवली होती.

अडीचला रोल कॉल झाला. हवालदार मेजरनी नाव घेतलं, "लान्स नायक वीरभद्र!"

कुणी बोललं नाही. गोणपाटाखालून टर्कीनं उत्तर दिलं.

माणसं हसली. हवालदार मेजरनी पुन्हा नाव पुकारलं. पुन्हा तिनंच उत्तर दिलं. या वेळी कुणी हसलं नाही. मी विहिरीकडे पळत सुटलो.

कंदील सोडला. तळापासून दहा फुटांवर तो विझला. हवा खेळती करून उतरायला तीन वाजून गेले. तो शिडीच्या पायथ्याशी होता. एक हात दुसऱ्या पायरीवर होता. दोर त्यानं आधी टोपलीला बांधला होता, भाजी वर जावी म्हणून. त्याला मीच खांद्यावर घेऊन वर आणलं.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. प्रश्न एकच होता: इतका जाणता माणूस कंदील न सोडता, दोरावर माणूस न ठेवता उतरला कसा? मला विचारलं. मी म्हणालो, "मला माहीत नाही, सर. तो न सांगता गेला." डॉक्टरांनी नोंदवलं होतं की त्याच्या युनिफॉर्मला दारूचा वास आहे. तो वास माझ्या हातांचा आणि ॲप्रनचा होता.

"मेसची वाइन त्यानं घेतली होती?"

कॅम्पात कुणाचा विश्वास बसला नसता. पण कोर्टातले अधिकारी बाहेरचे होते.

"घेतली असेल, सर. बाटलीत कमी होती."

तेच लिहिलं गेलं. मद्याच्या अमलाखाली, स्वतःच्या चुकीनं.

चौथ्या दिवशी त्याचे वडील आले. त्यांनी मला एकट्याला गाठलं.

"तुम्ही आमच्याकडलेच. खरं सांगा. माझ्या पोरानं दारू पिली होती?"

मी म्हणालो, "हाव, अप्पा."

त्यांनी टोपी नीट केली आणि निघून गेले. मुलाला त्यांनी शेतात समाधी दिली होती, पण वर नाव घातलं नाही. पुढं घरात कुणाला त्याचं नाव घेऊ दिलं नाही. हे मला रजेवर आल्यावर कळलं. तरीही मी बोललो नाही. पुढं हवालदार झालो, पेन्शनवर आलो, नांदेडला घर बांधलं. मुलांची लग्नं झाली. किचनमध्ये बर्नर बंद केला की जी शांतता पडते, तिच्यात मी आयुष्यभर दुसऱ्या कुणाच्या उत्तराची वाट बघत आलो आहे.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी माझ्या छातीबद्दल जे सांगायचं ते सांगितलं. मी देवणीची बस धरली. वीरभद्रचे वडील केव्हाच गेले होते. बहीण बसव्वा माहेरच्याच घरात राहते. पासष्टीची असेल. ओसरीवर बसून मी तिला सगळं सांगितलं, वेळांसकट.

"हे अप्पाला सांगायला पाहिजे होतं," ती म्हणाली.

"हाव."

"अप्पा मरताना अण्णाचं नाव घ्यायला बघत होते. घेतलं न्हाई."

मी उठून पायात चपला सरकवल्या.

"मला सांगून काय उपयोग? लिवून द्या. गावात वाचू द्या."

म्हणून आधी एक कागद लिहून दिला: लान्स नायक वीरभद्र यांनी मद्य घेतलेलं नव्हतं. ते माझ्या हुकमावरून, माझ्या कामासाठी, नियमाच्या वेळेआधी उतरले. कंदील मी सोडू दिला नाही. दोर माझ्याकडे होता. कोर्टासमोर मी खोटं बोललो. तो कागद ग्रामसभेत वाचला गेला, तेव्हा मी उभा होतो. कुणी मला शिवी दिली नाही. समाधीवर आता त्यांचं नाव आणि रँक आहे. अक्षरं कोरताना बसव्वा गवंड्याच्या शेजारी बसून होती.

निघताना ती मला फाट्यापर्यंत सोडायला आली. बस दिसल्यावर तिनं विचारलं, "दादा, अण्णानं दोर किती वेळा ओढला असंल हो?"

"माहीत नाही," मी म्हणालो. "मी तिथं नव्हतो."

तिनं मान हलवली. बस थांबली. तिनं माझी पिशवी वर दिली आणि म्हणाली, "लई सोशीक होता तो. पुन्हा पुन्हा ओढला असंल. तुम्ही याल म्हणून."