गोजरबाईच्या दारातली मुक्कामी गाडी

पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या वाडीला रात्रीची मुक्कामी बस येते आणि गोजरबाईच्या दारात उभी राहते. ड्रायव्हर-कंडक्टरला भाकरी घालायची पाळी घरोघर फिरते. पाळीवाली विसरली की भार गोजरबाईवर, आणि पाळीवाल्या हटकून विसरतात. मग गोजरबाई तोंडानं शिव्या घालते आणि हातानं भाकरी थापते.

ड्रायव्हर वैजनाथ गाडीतल्या बाकड्यावरच आडवा व्हायचा आणि कोंबड्याबरोबर उठून गाडी काढायचा. त्याच गाडीनं गोजरबाईची नात धनश्री कॉलेजला जायची. पोरीचे आईबाप ऊसतोडीला कोपरगावकडे. बापानं बजावून ठेवलं होतं, "कालेज सुटलं, की कोयता धरायचा." थोडक्यात, पहाटेची गाडी होती म्हणून पोरगी कोयत्यापासून लांब होती.

मग वरच्या साहेबांना ड्रायव्हरांची दया आली. कामाचे तास ठरले, विश्रांतीचेही ठरले. नियम वाईट नव्हता. वैजनाथचे डोळे कायम तांबारलेले असायचे. पण विश्रांतीला खोली, खाट, पंखा पाहिजे. वाडीत यातलं काहीच नाही, म्हणून साहेबांनी गाडीच बंद केली. रोगापेक्षा इलाज भयंकर, दुसरं काय!

गोजरबाईनं पदर खोचला. स्वतःची खोली रिकामी करून सारवली, खाट टाकली, आपलं अंथरूण ओट्यावर नेलं. पंखा सरपंचाच्या बैठकीतला उतरवून आणला. सरपंच घामाघूम झाला, पण गोजरबाईला नाही म्हणायची छाती कोणाची? साहेब तपासणीला आले. खाटेवर बसून बघितलं, मग आडवं होऊन बघितलं, आणि चहा गार होईपर्यंत घोरत पडले. खोली पास झाली. गाडी परत आली त्या दिवशी गावानं तिला हार घालून नारळ फोडला.

दुसऱ्या दिवशी पहाटे धनश्री दप्तर घेऊन गाडीत बसली. गाडी हलेना. कंडक्टर म्हणाला, "रात्री उशिरा आलो ना आमी. इश्रांती पुरी झाल्याबिगर गाडी काढली तर सस्पेंड करत्यात. आता उन्हं वर आल्यावरच." मग गाडी पोचेपर्यंत कॉलेज सुटायची वेळ होणार.

गोजरबाई तडक साहेबांकडे गेली. "साहेब, ड्रायव्हरची झोप झाली, लई चांगलं झालं. पर आमच्या पोरीनं शिकायचं कवा?"

साहेब हसले. "आजी, एवढी छान खोली तुम्हीच दिलीत. आता त्यांना झोपू द्या की."

धनश्री फाट्यापर्यंत चालत जाऊ लागली. तिथं गाड्या भरून येत, थांबत नसत. हजेरी बुडाली, कॉलेजनं परीक्षेला बसू दिलं नाही, आणि बापाचा फोन आला. गोजरबाई चुलीपाशी बसून रडली. वैजनाथवर राग काढावा, तर तो बिचारा आयुष्यात पहिल्यांदा नीट झोपत होता.

ऊसतोडीच्या मुकादमाचा टेम्पो पहाटेच आला. धनश्री बोचकं घेऊन निघाली. ओट्यावरून उतरताना तिच्या चपला वाजल्या, तशी गोजरबाईनं तिचा हात धरला.

"चपला हातात घे, बाई," ती डोळे पुसत कुजबुजली. "डायव्हर झोपलाय."