कंपनीच्या वतीनं

नाना आधी टोपी काढत, तिच्या आत एकदा बघत, पुन्हा घालत आणि मग म्हणत, "मी आपला कंपनीच्या वतीनं." माईकपुढे असोत की चहाच्या टपरीवर, सुरुवात हीच. चहावाल्यालाही ते सांगत, "अर्धा कप द्या, कंपनीच्या वतीनं," आणि सुटे पैसे स्वतःच्याच खिशातून काढत.

नाना आमच्या डेअरीत नोकरीला होते. दूध त्यांनी कधी मोजलं नाही, तपासलं नाही, गाडीत चढवलं नाही. नगरला सावेडीतल्या हेड ऑफिसात कोपऱ्यात त्यांचं टेबल होतं आणि त्यावर त्यांची कापडी पिशवी असे. पिशवी नसेल त्या दिवशी नाना कुठंतरी दहाव्याला गेलेले असत.

तुम्ही नगर जिल्ह्यातले असाल तर वेगळं सांगायला नको. आमच्याकडे लग्नाला नाही गेलं तर लोक समजून घेतात, दहाव्याला नाही गेलं तर लक्षात ठेवतात. नदीकाठी मांडव, महाराजांचं प्रवचन, मग श्रद्धांजल्या. सरपंच बोलतात, सोसायटीचे चेअरमन बोलतात, पुढच्या निवडणुकीतले इच्छुक तर जरा जास्तच बोलतात. डेअरीला दूध घालणारं कुणी गेलं की कंपनीच्या वतीने नाना बोलत. ही नेमणूक कुणी केली, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. विचारलं तर म्हणत, "एकदा गेल्तो. मग जातच राह्यलो."

मांडवात शिरण्याआधी ते त्या घरच्या गोठ्यात जाऊन येत. त्यामुळे त्यांचं बोलणं इतरांसारखं नसे. "म्हातारीनं गाईवर कधी हात उचलला न्हाई. गाय अजून दाराकडं बघती हाय." एवढं बोलून खाली बसत. मागे बायकांत हुंदका फुटे.

पिंडाला कावळा शिवेना की घरचे लोक गेलेल्याला वचनं देऊ लागतात. पोरीचं लग्न करू, भावांत भांडणार नाही, घर पुरं करू. तरी कावळा झाडावर ढिम्म. मग कुणीतरी हाक मारी, "नाना, तुमी बोला बरं." नाना पुढे होत, टोपीत बघत आणि म्हणत, "दुधाचं आमी बघतो." कधी कधी कावळा लगेच यायचा. बऱ्याचदा यायचाही नाही. पण लोकांना आलेलेच लक्षात राहत.

दहाव्याहून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं. नानांच्या हे इतकं अंगात मुरलं होतं की संध्याकाळी ऑफिसातूनही ते न बोलता उठत. आम्ही चिडवायचो, "नाना, आम्ही जिवंत आहोत अजून. येतो म्हणा की." ते हसत आणि न बोलताच जिना उतरत.

मग आमच्याकडे नवे मोठे साहेब आले. माणूस वाईट नव्हता. पण त्यांनी फर्मान काढलं की प्रत्येकाने आपल्या कामामुळे कंपनीला काय मिळतं ते वरिष्ठांपुढे दहा मिनिटांत मांडायचं, तेही पडद्यावर. ज्याला मांडता येणार नाही त्याचं पद राहील की जाईल ते नंतर ठरेल. मी संगणक विभागात असल्यामुळे सगळे माझ्याकडे धावू लागले, आणि शेवटी नाना आले.

"भाऊ, माझं काम काय हाय ते जरा लिहून द्या."

"तुम्ही सांगा, मी लिहितो."

कोऱ्या पडद्यावर कर्सरची काडी नुसती लुकलुकत होती.

"तुम्ही गेल्यामुळे दूध वाढतं का?" मी विचारलं.

"न्हाई वो. मानूस गेला की दूध आधी कमीच हुतं."

"मग ती घरं दुसऱ्या डेअरीकडे जात नाहीत, असं टाकू?"

"जातात की काही."

मी कपाळाला हात लावला. "नाना, पद गेलं तर काय करणार आहात?"

"पदाचं काय न्हाई. पोरगा कमावतोय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पन मग मी जायचं कसं?"

"स्कूटर आहे की तुमची."

"तसं न्हाई, भाऊ. परक्याच्या दारात, तेबी असल्या टायमाला, कोन म्हनून जायचं? ते इचारतील, तुमी कोन? कंपनीच्या वतीनं हाय म्हनून माझा पाय उचलतो. न्हाईतर मी लई बुजरा मानूस."

हे मला नवीनच होतं. शेकडो माणसांपुढे बोलणारा माणूस बुजरा कसा, मला कळेना.

मांडायच्या दिवशी नाना धुतलेली टोपी घालून आले. पडद्यावर मी मांडवांचे फोटो टाकले होते, दुसरं काय टाकणार? साहेबांनी सरळच विचारलं, "तुमचं काम नीट झालं, हे कशावरून ठरतं?"

नानांनी बराच विचार केला. "कावळा शिवला की."

साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं आणि मग आपण काय लिहिलंय ते पुन्हा वाचलं. "बरं, तुमच्या स्वतःबद्दल सांगा."

इथं नाना अडकले. समोर बसलेल्या जित्या माणसाचं कौतुक कसं करतात ते त्यांना माहीतच नव्हतं, आणि स्वतःचं तर अजिबातच नव्हतं. त्यांनी टोपी काढली, आत बघितलं, घातली आणि समोरच्यांवर सुरू झाले. "हे आपले वाहतुकीचे साहेब. रस्ता वाहून गेला तरी ह्यांनी गाडी चुकवली न्हाई. लई भला मानूस हुता." मग हिशेबाचे साहेब. मग खरेदीच्या मॅडम. सगळे आधी सुखावले, मग चुळबुळले. वाहतुकीच्या साहेबांनी तर नकळत छाती चाचपली.

शेवटी नाना म्हणाले, "आता आपन दोन मिनिटं उभं राहू."

आणि खुर्च्या सरकल्या. सगळे उभे राहिले, मोठे साहेबसुद्धा, मान खाली घालून. पडद्यावर कुणाचा तरी मांडव होता. आम्ही नक्की कुणासाठी उभे होतो, हे मला अजून समजलेलं नाही. खाली बसताना खरेदीच्या मॅडम डोळे पुसत होत्या.

साहेबांनी नानांचा हात हातात घेतला. आम्हाला वाटलं, नाना तरले.

काही दिवसांनी निर्णय आला. साहेब अगदी मनापासून म्हणाले की हे काम इतकं मोलाचं आहे की एका माणसावर ठेवणं बरोबर नाही. आता दूध घालणाऱ्या प्रत्येक घरी दहाव्याच्या सकाळी मोबाईलवर शोकसंदेश जाईल, आपोआप, कुणी सुटणार नाही. त्यामुळे नानांच्या पदाची गरज उरली नव्हती.

नानांनी मला विचारलं, "म्हंजे, जमलं का न्हाई आपलं?"

संध्याकाळी बघितलं तर टेबलावर पिशवी नव्हती.

यंदा उन्हाळ्यात माझे वडील गेले. कर्जत तालुक्यातल्या आमच्या गावी दोन गाया सांभाळून होते, दूध आमच्याच डेअरीला घालत. दहाव्याच्या सकाळी त्यांचा मोबाईल माझ्या खिशात होता, तो वाजला. वडिलांचं पूर्ण नाव, आणि खाली, 'आपल्या दुःखात कंपनी सहभागी आहे.' डेअरीकडे नंबर त्यांचाच होता. हसावं की रडावं, मला समजेना.

मान वर केली तर गोठ्याच्या बाजूने नाना येत होते. पायजम्याला कडब्याची पानं चिकटली होती. नोकरी गेल्यापासून ते कुठल्याच दहाव्याला दिसले नव्हते, असं मी ऐकून होतो. श्रद्धांजल्या पुकारणाऱ्याला यातलं काही माहीत नव्हतं. नेहमीसारखं त्याने पुकारलं, "आता कंपनीच्या वतीने, नाना."

नाना माईकपुढे आले. टोपी काढली, आत बघितलं, घातली.

"मी आपला..."

आणि थांबले. माईक घरघरत राहिला. लोक वर बघू लागले. मला वाटलं, उठून त्यांना धरावं.

"मी आपला... आलोय," ते म्हणाले आणि खाली बसले.

कावळा तर त्याआधीच शिवून गेला होता.

जाताना मी त्यांच्याबरोबर स्कूटरपर्यंत गेलो. "तांबडी वैरनीला तोंड लावत न्हाई. जरा जवळ बसत जा तिच्या," ते म्हणाले. मी मान हलवली. त्यांनी पिशवी हँडलला अडकवली, स्कूटर सुरू केली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "येतो मी."

शेजारी उभे असलेले माझे चुलते दचकले. दहाव्याहून निघताना 'येतो'? आणि तेही नानांनी? नाना चुकले, की चुकले नाहीत, मला काही कळेना. चुलते डोळे वटारून माझ्याकडे बघत होते.

मी म्हणालो, "या, नाना."