मुकादमाच्या हाताखाली

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याच्या डोंगरात वेस्ट हार्लो नावाचं साडेचारशे वस्तीचं गाव आहे. लेलंड थिबॉल्ट तिथला रस्त्यांचा मुकादम. चौतीस वर्षं त्याने हेच केलं. हिवाळ्यात बर्फ लोटायचा, मार्चमध्ये चिखलात रुतलेल्या गाड्या ओढायच्या, आणि बारा महिने लोकांची बोलणी खायची. कौतुकाची त्याला सवयच नव्हती. त्याची बायको डोरीन म्हणायची, "याला शाबासकी दिली तर आधी उलटीसुलटी करून बघेल, कुठे फुटलीय का."

एका वर्षी ऑगस्टच्या अखेरीस वादळ आलं आणि एका दुपारीत नदीने गावाचे दोन्ही पूल नेले. वीज गेली, फोन गेले. वरच्या आळीतल्या म्हाताऱ्या एडसनबाईंकडे इन्सुलिन जेमतेम तीन दिवसांचं उरलं होतं. लेलंडने शेजारच्या गावी डोंगरावरून माणूस पाठवून निरोप धाडला, आणि हाताखालच्या दोघांना घेऊन लाकूडतोड्यांची जुनी वाट मोकळी करायला लागला.

तिसऱ्या दिवशी त्याच वाटेने बारा सैनिक आणि त्यांचा कॅप्टन उतरले. त्यांच्यापुढे, गुडघ्यापर्यंत चिखलात माखलेले, राज्याच्या राखीव सैन्याचे, म्हणजे नॅशनल गार्डचे, प्रमुख जनरल एलियट मॅकरे पायी चालत होते. एडसनबाईंचं इन्सुलिन त्यांच्याच पाठीवरच्या पिशवीत होतं. ते त्यांनी आधी पोचवलं, आणि मग नदीवर आले.

तिथे वाद पेटला होता. सैनिकांच्या कॅप्टनला तात्पुरता पूल जुन्याच जागी हवा होता, नकाशात तसं होतं. लेलंड सांगत होता की तिथला काठ आतून पोकळ झालाय, खाली नुसती वाळू आहे. दोनशे पावलं वर गेलं तर अखंड खडक लागतो. कॅप्टन पुन्हा नकाशा दाखवत होता.

जनरलांनी दोघांचं ऐकून घेतलं. मग लेलंडला विचारलं, "मुकादम, तुमच्या नातवंडांना या पुलावरून शाळेत जायचं असतं, तर कुठे बांधला असता?"

"वर. खडकावर. पण माझं कोण ऐकतंय?"

जनरल कॅप्टनकडे वळले. "या गावात पूल आणि रस्ता यांच्या सांगण्याने होईल. तुम्ही सगळे यांच्या हाताखाली."

कॅप्टनचं तोंड एवढंसं झालं, पण पोरगा शहाणा होता. दोन दिवसांत तो लेलंडला विचारल्याशिवाय दगड हलवेनासा झाला. सहाव्या दिवशी पुलावरून पहिला ट्रक आला. पंधरवड्याने नदी पुन्हा चढली. जुन्या जागचा काठ एका घासात गेला. वरचा पूल जागचा हलला नाही. त्या दिवशी कॅप्टनने सगळ्यांदेखत टोपी काढून लेलंडचा हात हातात घेतला.

जनरलांच्या डोक्यावर तशी आणखी डझनभर गावं होती, तरी ते अधूनमधून येऊन जात. एकदा चर्चच्या हॉलमध्ये जेवण वाढताना डोरीनने त्यांना सांगितलं की लेलंडच्या वडिलांनी बांधलेलं, मेपलच्या झाडांचा रस आटवून पाक करायचं खोपट पहिल्याच दिवशी वाहून गेलं. "आणि हा अजून तिकडे फिरकलासुद्धा नाही. म्हणतो, आधी गावाचे रस्ते." जनरल ताटातलं संपवून उठले.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी लेलंडच्या अंगणात तीन गाड्या थांबल्या. तेच बारा सैनिक, सुट्टीचे, साध्या कपड्यांत. गाड्यांत फळ्या आणि पत्रे. कॅप्टनही होता, आणि हातोडा घेतलेले जनरलही. लेलंडने थोडा वेळ त्यांचं काम पाहिलं.

"जनरलसाहेब, खिळा मारताय की त्याची समजूत काढताय?"

"चाळीस वर्षं हुकूम सोडण्यात गेली हो. खिळे दुसऱ्यांनी मारले."

"मग फळी धरा. ती तरी वाकडी होणार नाही."

जनरल संध्याकाळपर्यंत फळ्या धरून उभे राहिले. छप्पर चढलं तेव्हा लेलंड झाडांमागे गेला आणि बराच वेळ आला नाही. डोरीनने पाहिलं, पण हाक मारली नाही.

दोन वर्षांनी जनरल निवृत्त झाले. त्यांच्या सेवेचा आणि पुरातून उभ्या राहिलेल्या राज्याचा गौरव करणारा ठराव विधानभवनात मांडायचा होता. गावांच्या वतीने लेलंडने बोलावं असं ठरलं. त्याने दोनदा नकार दिला. तिसऱ्यांदा डोरीननेच परस्पर होकार कळवला.

भरल्या सभागृहात तो कोट सावरत उभा राहिला. "वरून येणारा प्रत्येक जण आम्हाला सांगायला येतो," तो म्हणाला. "हे साहेब विचारायला आले. म्हणून आमचा पूल उभा आहे, आणि एडसनबाई ब्याण्णव वर्षांच्या आहेत. साहेब, आम्ही तुमचे फार आभारी आहोत." एवढं बोलून तो खाली बसला. जनरल व्यासपीठावरून उतरले आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसले. पुढची सगळी भाषणं त्यांनी तिथूनच ऐकली.

पक्का पूल झाला तेव्हा गावसभेने त्याला जनरलांचं नाव द्यायचं ठरवलं. जनरलांनी पत्र लिहून कळवलं की मुकादमाचं द्या. लेलंड म्हणाला, माझं नाव लावलंत तर त्या पुलावरचा बर्फ मी काढणार नाही. शेवटी कठड्यावर पितळी पाटी बसली, तिच्यावर बारा सैनिकांची आणि त्यांच्या कॅप्टनची नावं. लेलंड आजही जाता येता ती बाहीने पुसतो.