मर्ल टीटकेच्या हातची दारू

मर्ल टीटकेने उमेदीची सगळी वर्षं दक्षिण मिनेसोटात दारोदार हिंडून जड पाणी मऊ करायची यंत्रं विकली. ज्यांच्या विहिरीचं पाणी मुळातच मऊ होतं, त्यांनाही विकली. निवृत्त झाल्यावर ऐकून घेणारं गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा तो आतषबाजी करणाऱ्या हौशी मंडळींच्या क्लबात शिरला. तिथे परवाने काढून, रीतसर शेड बांधून घरी शोभेची दारू बनवणारी साधी माणसं होती. कुणी ट्रक दुरुस्त करणारा, कुणी दातांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेली. मर्लला हवी तशी.

पहिल्याच बैठकीत त्याने दारूच्या दाण्यांचा एक जुना पत्र्याचा डबा टेबलावर ठेवला आणि जाहीर केलं, की आपल्या आजोबांची रीत आपण अजून सोडलेली नाही. ओढ्याकाठच्या वाळुंजाच्या झाडाचा कोळसा स्वतः भाजायचा, स्वतः दळायचा, दारूचा ओलसर गोळा चाळणीवर घासून दाणेही स्वतःच पाडायचे. "हे हातात असावं लागतं," तो म्हणाला. "शिकवून येत नाही." नेमकं हेच वाक्य तो पाण्याच्या यंत्रांबद्दलही म्हणायचा, पण ते क्लबात कुणाला ठाऊक असणार?

क्लबात दर उन्हाळ्यात एक स्पर्धा असे. प्रत्येकाने आपापली दारू आणायची, ती नळीत घालून चेंडू उडवायचा. ज्याचा चेंडू सर्वांत उशिरा खाली येईल त्याची दारू सरस. मर्ल आल्यापासून दुसऱ्या कुणाचा पहिला नंबर लागेना. जिंकायला हरकत नव्हती, पण नुसतं जिंकून त्याचं पोट भरत नसे. हरलेल्याच्या टेबलाशी जाऊन त्याचे दाणे चिमटीत धरून बघायची त्याला खोड होती. गेलन रॉस्की नावाचा ट्रक मेकॅनिक त्याच्या तावडीत हमखास सापडे. गेलनचे दाणे मळकट, लहानमोठे, भुकटी सुटणारे. घरी दाणे पाडणाऱ्या सगळ्यांचेच तसे असत.

"गेलन, ही दारू आहे की शेगडीतली राख?"

"यंदा जरा बरी जमलीय असं वाटतंय मला," गेलन पुटपुटायचा.

"वाटायला काय जातंय! माझ्या मांजराला आपण वाघ आहोत असं वाटतं."

लोक हसत. गेलनही हसे, कारण तो भला माणूस होता आणि भल्या माणसांना अशा वेळी दुसरं काही सुचत नाही.

सुरक्षेचं काम बघणारी कॉलीन ब्रुसव्होल्ड मात्र हसत नसे. जन्मभर लोकांच्या दाढा तपासल्यामुळे ती बोलणाऱ्याच्या शब्दांकडे लक्ष न देता थेट तोंडात काय आहे ते बघायची. एकदा मर्लच्या डब्यावरचं झाकण उघडं राहिलं आणि तिला आतले दाणे दिसले. काळेभोर, एकसारखे, पॉलिश केल्यासारखे चकचकीत. तिने झाकण नीट लावून ठेवलं. पुढच्या बैठकीत तिने एवढंच सुचवलं, की ऑगस्टच्या मेळाव्यात मर्लने सर्वांसमोर दाणे पाडून दाखवावेत.

"माझा खांदा दुखतोय," मर्ल म्हणाला.

"ऑगस्टपर्यंत बरा होईल," कॉलीन म्हणाली आणि पुढच्या विषयाकडे वळली.

घरी त्याची बायको आर्डिस हे ऐकून हसायलाच लागली. "तू? अरे, तुला या घरात साधं अंडं उकडता आलेलं नाही!"

"त्यात काय आहे? ओलं करायचं आणि चाळणीवर घासायचं. गेलनला जमतं, तर मला न जमायला काय झालं?"

त्याला खरोखरच तसं वाटत होतं. इतकी वर्षं तो ही गोष्ट इतक्या वेळा सांगत आला होता, की आपण ती कधी केलेलीच नाही हे त्याच्या ध्यानातही राहिलं नव्हतं. सराव करायची त्याला गरज वाटली नाही.

मेळाव्याच्या दिवशी शेतात तंबूखाली टेबल मांडलं होतं. क्लबाने मिसळून ठेवलेली थोडी भुकटी कॉलीनने पुढ्यात दिली. लोक घडीच्या खुर्च्या ओढून, हातात सॉसेजचे पाव घेऊन बसले. मर्लने बाह्या सरसावल्या आणि आजोबांपासून सुरुवात केली. बोलता बोलता पाणी ओतलं. मग आणखी ओतलं. बोलणं रंगलं तसं पाणीही वाढत गेलं, आणि भुकटीचा गोळा न होता ती शेणकाल्यासारखी पातळ झाली. चाळणीवर टाकून तो घासू लागला तेव्हा खालून दाणे पडेनात. काळ्या गांडुळांसारख्या लडी लोंबू लागल्या आणि एकमेकींना चिकटून परत चिखल झाल्या. कोपरापर्यंत हात काळे, नाकावर बोट लागलं तिथेही काळं.

गेलन खुर्चीतून अर्धवट उठला. "पाणी जास्त झालं, मर्ल. थोडं वाळू दे, मग होईल नीट."

"ही जुनी पद्धत आहे!" मर्ल खेकसला. "तू मला शिकवणार?"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. कॉलीनने त्याचा डबा उचलला आणि थोडे दाणे पांढऱ्या कागदाच्या बशीत ओतून ती बशी पहिल्या रांगेतून फिरवली. "ही चकाकी घरच्या दाण्यांना नसते. हे कारखान्यातून आलेत."

मर्लने बशीकडे बघितलं, मग लोकांकडे. अशा अडचणीतून बाहेर पडायचं दार तो जन्मभर शोधत आला होता. आताही त्याला ते सापडलं.

"असतील! मग काय झालं? कारखान्यातली वाईट असते का?"

"मुळीच नाही. मीही तीच घेते," कॉलीन म्हणाली. "पण ती आजोबांच्या नावावर खपवत नाही."

या वेळी हसू दबलेलं नव्हतं. गेलनचा आवाज त्यात नव्हता, आणि मर्लला त्याचाच सर्वांत जास्त राग आला. सगळे हसले असते तर सगळ्यांना शिव्या देता आल्या असत्या. त्याने टेबलावरच्या कापडाला हात पुसले, ते कापड क्लबाचा नवा झेंडा होता हेही बघितलं नाही, आणि "तुम्हा लोकांना कलेची कदर नाही" असं म्हणत गाडीकडे चालू लागला. गेलनने तो चिखल पाण्याच्या बादलीत बुडवला आणि टेबल पुसून काढलं.

परतताना आर्डिस गाडी चालवत होती. मर्ल बोटांवरचा काळा थर खरवडत होता.

"त्या बाईला माझा हेवा वाटतो," तो म्हणाला.

"कशाचा रे?" आर्डिसने विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. त्याने खांदा दुखत असल्याचं सांगितलं.

क्लब त्याने सोडला. कॉफीच्या दुकानात मात्र तो सांगत असे, की तिथली माणसं फार निष्काळजी आहेत, जिवाला धोका नको म्हणून आपणच बाहेर पडलो. पुढच्या उन्हाळ्यात मेळाव्याची आतषबाजी बघायला तो आर्डिसला घेऊन, तिकीट काढून गेला आणि गावकऱ्यांमध्ये घोंगडी अंथरून बसला. पहिला बाण आभाळात फुटला तशी शेजारच्या कुटुंबाने वा वा केली. मर्ल त्यांच्याकडे झुकला. "रंग बरे आहेत," तो म्हणाला, "पण दारूत दम नाही. मी स्वतः दाणे पाडायचो तेव्हा—"

आर्डिसने आपली उशी उचलली, थर्मास उचलला, आणि ती पलीकडे, गेलनच्या बायकोशेजारी जाऊन बसली.