शाळेच्या भिंतीत माझ्या मापाची वाट

आमच्या गावच्या शाळेला दोन नव्या खोल्या मिळणार हे कळलं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद माझ्या नातीला झाला. अभ्यासाशी त्या आनंदाचा काही संबंध नव्हता. खोल्यांसोबत मैदानही मोठं होणार होतं. तोवर मैदान म्हणजे ओसरीसमोरचा रुमालाएवढा तुकडा. खो-खो खेळताना पोर जरा जोरात पळालं की थेट खिचडीच्या चुलीपाशी पोचायचं. नात चौथीत होती. खोल्या वेळेत झाल्या तर पाचवी इथेच भरणार होती, नाहीतर नाल्यापलीकडच्या गावात जावं लागलं असतं. आणि पावसाळ्यात आमचा नाला कोणाला विचारून वाहत नाही. म्हणून शाळेचं काम निघालं तेव्हा गावात कोणीच आडवं आलं नाही. आडवं आलं ते एक झाड.

शाळेच्या मागे मोकळी जागा आहे. तिच्या एका अंगाला माझी सांदवाडी, म्हणजे घरामागची वांगी-मिरच्यांची वाडी, आणि मधोमध एक जुना मोह. आमच्या भागात मोहाचं झाड जमिनीवरून ओळखत नाहीत, घरावरून ओळखतात. ते कोणाच्याही जागेत उभं असो, एकदा अमक्या घरचं झालं की झालं. फुलं पडायला लागण्याआधी त्या घरची बाई झाडाखालचा पाला झाडते, जाळते. भोवती राखेचं एक गोल कडं उरतं. ते कडं म्हणजे पाटी. तिला अक्षरं नसतात, पण ती सगळ्यांना वाचता येते.

सगळ्यांना, म्हणजे आरमोरीहून लग्न होऊन आलेल्या एका दीडशहाणीला सोडून.

ती दीडशहाणी काय बाई होती! सातवी पास, म्हणून चालताना मान अशी ताठ, की रस्त्यातलं शेण दिसू नये. विहिरीवर जायलासुद्धा पावडर लावायची. आमच्या माहेरी सगळा धानाचा कारभार. मोह मी पाहिला होता तो बाजारात, वाळलेला, मनुकांसारखा. सासरी आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात सासूवर छाप पाडायची म्हणून एकदा झुंजूमुंजू होताच उठले आणि शाळेमागे गेले. पाहते तर झाडाखालची जमीन अंगणासारखी स्वच्छ, आणि तिच्यावर टपोरी, फिकट पिवळी फुलं अंथरलेली. मला गावाचं केवढं कौतुक वाटलं! वा, म्हटलं, इथले लोक झाडाखालीसुद्धा झाडून ठेवतात! आणि बसले वेचायला. टोपली भरत आली तेव्हा मागून आवाज आला.

"काऊन वो नवरीबाई, माह्या झाडाखाली काय करून राह्यली?"

वळून पाहिलं तर खराट्याच्या काडीसारखी बारीक, माझ्याहून थोडी मोठी एक बाई कमरेवर हात देऊन उभी. मी पुस्तकी मराठीत तिला समजावून सांगितलं, की ताई, हे झाड शाळेच्या आवारात आहे, म्हणजे ते सरकारी आहे.

"हाव काय? मंग सरकारले सांग, पाला झाडून जा म्हणा."

सासूनं टोपली तिच्या घरी नेऊन दिली आणि टोपलीसोबत मलाही. त्या हंगामात रोज पहाटे तिच्या हाताखाली मोह वेचायचा, अशी शिक्षा. पावडर आठवडाभरात सुटली. त्या बाईला मी मनातल्या मनात मोहवाली म्हणायला लागले, ते आजतागायत. तेव्हापासून आमचं मेतकूट जमलं म्हणाल, तर तसंही नाही. रोज भांडतो. भांडण चुकलं तर एकमेकींच्या दारी जाऊन विचारतो, तब्येत बरी आहे ना.

मोहवालीला मूलबाळ नाही. नवरा तलावात मासे धरायचा, तो गेला. पावसाळ्यात ती रोवण्याला, म्हणजे धानाच्या लावणीला जाते, हिवाळ्यात मिळेल ते काम करते. उन्हाळ्यात मात्र तिला कोणाचं तोंड पाहावं लागत नाही. त्या एका झाडाची फुलं वेचायची, वाळवायची, थोडी विकायची, थोडी घरात ठेवायची, पुढे बियांचं तेल काढायचं. तिच्या वर्षातले तेवढे दिवस तिच्या मालकीचे.

तर शाळेच्या कामाची आखणी सुरू झाली. हिवाळा सरत होता. एका सकाळी मी चहाच घेत होते, तर मोहवाली दारात.

"तूच केलं असशीन!"

"काय केलं मी?"

"माह्या मोहाखाली झाडलं कोणं? कडं कोणं काढलं? तुले सवयच हाये, पयलेपासून!"

इतक्या वर्षांत माझ्या नावावर ज्या खोड्या जमा आहेत, त्यातल्या निम्म्या मी नाकारत नाही. पण ही खरंच माझी नव्हती. दोघींनी जाऊन पाहिलं. झाडाखालचा पाला कोणीतरी बाजूला लोटला होता आणि बुंध्याभोवती पांढरं शुभ्र गोल कडं होतं. मी वाकून चिमटीत घेतलं. राख नव्हती, फक्की होती, कबड्डीचं मैदान आखतात ती.

"पाह्य," मी म्हटलं, "एवढी महागाची राख माह्या घरी कुठून येईन?"

मग आम्ही दोघींनी गावातल्या एकेका घराची नावं घेऊन संशय घेतला. अमकीची सून आगाऊ आहे, तमकीचा मोह मागच्या वादळात पडला, तिचाच डोळा असेल. मजा आली, खोटं कशाला सांगू. मोहवालीनं ते कडं खराट्यानं पुसलं, पाला जाळला आणि आपल्या राखेचं कडं काढलं. दुसऱ्या दिवशी राखेवर पुन्हा फक्की! तिनं पुन्हा पुसून पुन्हा राख टाकली. तिसऱ्या वेळी मीच म्हटलं, चोर हातात सापडल्याशिवाय हटायचं नाही. माझ्या वांग्यांच्या आड आम्ही दोन म्हाताऱ्या दबा धरून बसलो. गुडघे दुखत होते, पण उत्साह असा की जणू वाघ धरायचा आहे.

चोर आला तो फक्कीचं घमेलं घेऊन, उघड्यावर, बिडी ओढत. ठेकेदाराचा माणूस. मोहवाली खराटा घेऊन धावलीच.

"काऊन रे, दुसऱ्याच्या झाडावर कडं काढतं? लाज नाई वाटत?"

तो बिचारा घाबरून मागे सरला. "मावशी, तुमीच खूण पुसून राह्यल्या होत्या काय? सायेबाचं बोलणं मी खाऊन राह्यलो! हे झाड तोडाचं हाये. मैदानाच्या मधात येते."

खराटा तिच्या हातातच राहिला. ती तशीच बुंध्याला टेकून खाली बसली.

त्या दिवसापासून ती बदलली. रडली असती, ओरडली असती, तर मला कळलं असतं काय करायचं ते. ती मऊ झाली. सगळ्यांशी हळू बोलायला लागली. दुकानदाराला "तुमी", पोराटोरांना "बाळा". मलाही एकदा "या, बसा" म्हणाली, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

शाळेच्या ओसरीवर बैठक झाली. इंजिनिअर साहेब तालुक्याहून आले होते. तरुण पोरगा, घामाघूम, वाईट मुळीच नव्हता. त्यानं नकाशा उलगडून दाखवला. पोरांना धावायला सरळ जागा पाहिजे, मधे झाड ठेवलं तर एखादं पोर आदळून डोकं फोडून घेईल. यात खोटं काय होतं? माझी नातच पहिली आदळली असती. शाळेच्या मोठ्या बाई चिमूरहून रोज येणाऱ्या. त्या म्हणाल्या, "मला झाडही पाहिजे आणि मैदानही पाहिजे. काय करू, सांगा."

कोणीतरी मोहवालीला विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे. ती उभी राहिली. पदर सारखा केला.

"शाळा व्हाले पायजे. लेकरं इथीच शिकाले पायजे. फक्त या सालचा मोह पडू द्या. मंग तोडा. माहं काई म्हणणं नाई."

साहेबानं नकाशा फिरवला, पुन्हा फिरवला. मग उठून मागे गेला, पावलं टाकत इकडून तिकडे फिरला आणि म्हणाला, "मैदान आडवं घेतलं तर झाड कडेला जातं. पण मग या बाजूनं थोडी जागा पाहिजे."

या बाजूनं म्हणजे माझी सांदवाडी. सगळ्या गावानं एकदम माझ्याकडे पाहिलं. तोवर मी मोहवालीसाठी सगळ्यांत मोठ्यानं हळहळत होते, हे इथे सांगायला हवं. क्षणात माझी हळहळ आटली.

"माह्या वांग्यांवरून धावतीन काय पोट्टे?"

"तेवढी जागा ग्रामपंचायतीचीच हाये न वो," मागून कोणीतरी पुटपुटलं. तेही खोटं नव्हतं. आमचं काट्यांचं कुंपण दर पावसाळ्यानंतर नव्यानं लावताना जरासं पुढे सरकायचं. काटे ते, त्यांना कोण आवरणार?

मी भांडायच्या तयारीनं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात मोहवाली म्हणाली, "राहू द्या बाई. तिची वांगी नका घेऊ. तिनं मेहनतीनं लावली हायेत."

काय सांगू तुम्हाला! तिनं मला चोर म्हटलं असतं, कंजूस म्हटलं असतं, तर मी एक वीतभर जागा सोडली नसती. पण तो मऊ आवाज! एवढी वर्षं जिच्याशी मी भांडले ती बाई माझ्या डोळ्यांसमोर विझत होती, आणि विझता विझता माझी वांगी राखत होती.

"गप बस," मी तिला म्हटलं. "मोठी आली वांगीवाली! सायेब, घ्या जागा. पण वांग्यांचा हा तोडा निघेपर्यंत थांबा, भरताची हायेत."

घरी मुलानं तोंड वाकडं केलं, सून दोन दिवस भाजीत मिरची जास्त घालत होती. नातीनं मात्र कुंपणाचे काटे स्वतः ओढून काढले आणि हाताला ओरखडे घेऊन नाचत फिरली.

झाड राहिलं, आणि त्या साली खोदकामाच्या धुळीतही मोहवालीनं फुलं वेचली. मला वाटलं, झालं. पण खोल्यांचा स्लॅब टाकून झाल्यावर आवारभिंतीचं काम निघालं आणि नवाच पेच उभा राहिला. भिंत चहूकडून, एकच फाटक, त्याला कुलूप, आणि किल्ली मोठ्या बाईंसोबत चिमूरला. मोह तर पडतो उजाडण्याआधी. शाळा उघडेपर्यंत थांबायचं, तर गुरं अर्धा खाणार आणि उरलेला पोरांच्या पायाखाली. झाड भिंतीच्या आत आणि मोहवाली बाहेर. तिच्यासाठी ते तोडल्यासारखंच होतं.

भिंतीची ओळ जशी वर चढत होती, तशी मोहवाली रोज येऊन बघून जायची.

मीच मोठ्या बाईंना गाठलं. म्हटलं, आमच्या वाड्यांच्या कुंपणांना असते तशी वाट ठेवा. आमच्याकडे कुंपणाचं एक टोक दुसऱ्याला न जोडता त्याच्या मागून थोडं पुढे नेतात आणि मधे वाकडी फट राहते. माणूस अंग चोरून वळून जातो, गाय-म्हैस अडकते. बकरी कुठूनही येते, तिचा इलाज देवाकडेही नाही. बाईंनी साहेबांना फोनवर विचारलं. साहेब बराच वेळ बोलले. शेवटी बाई म्हणाल्या, "ते म्हणतात, मी पुढच्या भेटीला येईन तेव्हा भिंत झालेली असेल, आणि मी मागच्या बाजूला जाणार नाही."

मिस्त्री फट किती ठेवायची विचारायला लागला. मोहवालीला उभं केलं, तर ती एवढी बारीक की तिच्या मापानं मांजर जेमतेम गेलं असतं.

"टोपली घेऊन जाऊ द्या न तिले," मी म्हटलं.

मिस्त्रीनं माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "काकी, तुमीच या. तुमी गेल्या तर टोपलीसंगट कोणीबी जाईन."

सगळे मजूर हसले. मी पदर खोचला आणि विटांच्या दोन ओळींमधून आडवी, उभी, वळून, श्वास धरून आणि श्वास सोडून जाऊन दाखवलं. एकदा अडकलेही. मिस्त्रीनं एक वीट मागे घेतली. नवरी होते तेव्हा मला वाटायचं, या गावात माझ्या शिक्षणाची काहीतरी खूण राहील. राहिली ती माझ्या कमरेची.

नात आता पाचवीत, नव्या खोलीत बसते. मैदान आडवं आहे, एका टोकाला थोडं तिरकं, आणि जिथे माझी वांगी होती तिथे खो-खोचा खांब रोवला आहे.

या साली फाल्गुनात आभाळ भरून आलं आणि ऐन फुलांच्या वेळी गारा पडल्या. मोह फार थोडा पडला, पडला तोही काळा. मोहवाली सकाळीच माझ्या दारात आली, अर्धी टोपली आपटली आणि आभाळाला, वाऱ्याला, बकऱ्यांना, शाळेच्या पोरांना आणि शेवटी मला, अशा क्रमानं शिव्या दिल्या.

"अन् ते फट किती मोठी ठेवली वो! अख्ख्या गावच्या बकऱ्या घुसून राह्यल्या! इतकी जाडी बाई मापाले उभी करतेत काय कोणी?"

मी तिला चहा दिला. तिनं तो फुंकत फुंकत प्यायला, साखर कमी आहे म्हणाली, आणि पुन्हा सुरू झाली.