एकटीनं जायची तालीम

दुसरा चढ संपला तेव्हा नणंदबाईंना चांगलीच धाप लागली होती. पण जरा टेकू या म्हणायला आज त्यांना तोंड नव्हतं. शेजारून वहिनी सायकल ढकलत चालली होती. सायकलीच्या दोन्ही अंगांना फुगलेल्या पिशव्या, आणि मागचं चाक पार बसलेलं.

"एक विचारू, वन्सं?"

"विचार की."

"उशी कशाला भरलीत?"

"तुला परक्या उशीवर झोप लागत नाही."

"म्हणून पंप बाहेर काढलात."

"मला मेलीला काय ठाऊक तो पंप आहे. म्हटलं, कुठला तरी दांडा आहे, उगीच जागा अडवतोय."

वहिनी हसली. चाकाला खिळा लागला तेव्हा तिनं रस्त्याच्या कडेला बसून स्वतःच्या हातानं ट्यूब काढली, घासली, वर ठिगळ लावलं. ठिगळ झकास बसलं. मग हवा भरायला पिशवीत हात घातला, तर हाताला लागली उशी. नेमक्या त्याच वेळी मागून आलेल्या बसमधून नणंदबाई ओरडत उतरल्या. देवानंच आपल्याला वेळेवर धाडलं, असं त्यांना मनापासून वाटलं होतं. ते पुण्य उशीवर नजर पडेपर्यंतच टिकलं. आता पुढच्या वस्तीत सायकलवाला भेटेल, या भरवशावर दोघींची पायपीट चालली होती.

वहिनी दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस. उभा जन्म दुसऱ्याच्या तोंडात लाळ ओढायची नळी धरण्यात गेला, पण स्वतःचं तोंड कधी मिटलं नाही. डॉक्टरांनी खुर्चीच्या बरोबर वर, छताला एक मोठं चित्र चिकटवलं होतं. परदेशातला कुठलासा कालवा, काठानं सपाट वाट, आणि ती वाट झाडांमागे वळलेली. सुई टोचायची वेळ आली की वहिनी पेशंटला म्हणायची, "वर बघा. त्या वळणापुढे काय असेल हो?" माणूस आ वासून विचारात पडायचा, तेवढ्यात डॉक्टरांचं काम उरकायचं. पुढे गिरणी आहे, शाळा आहे, एका रिक्षावाल्याच्या मते तर टोलनाका आहे. मग एकदा एका म्हाताऱ्या बाईंनी उलट विचारलं, "तुला काय वाटतं गं?" आणि आयुष्यात पहिल्यांदा वहिनीला उत्तर सुचलं नाही.

त्या दिवसापासून तिनं ध्यास घेतला. कालव्याचा ठावठिकाणा शोधला, पासपोर्ट काढला, सायकल पुन्हा अंगवळणी पाडली. ती सुटी करून खोक्यात भरायची आणि परत जोडायची, एवढंही शिकली. पहिल्या जोडणीत दोन नट शिल्लक राहिले. "जास्तीचे दिले असतील," असं नणंदबाई म्हणाल्या होत्या.

वहिनीचा मुलगा दुसऱ्या शहरात राहायचा. तो नाही म्हणाला नाही, पण त्यानं अट घातली. आधी सगळं सामान लादून एकटीनं दिवसभर सायकल चालव, परक्या ठिकाणी एकटीनं रात्र काढ, मगच तिकीट. अट साधी वाटते, पण वहिनी जन्मात एकटी झोपलेली नव्हती. माहेरी बहिणींची रांग, मग नवरा. तो गेला त्या दिवशी नणंदबाई तिच्या खोलीत गादी घेऊन आल्या, ती गादी अजून तिथंच आहे. पहिल्या तालमीला वहिनी लॉजवर पोचली, तर दारात नणंदबाई डबा घेऊन हजर. मुलानं ती तालीम बाद केली. आजची ही दुसरी तालीम, आणि ती जमली नाही तर विषय बंद, असं त्यानं बजावलं होतं.

"तू तिकडे पडलीस तर?" नणंदबाईंनी न राहवून विचारलं.

"पडले तर उठेन."

"भाषा येत नाही."

"तोंडात नळी असलेल्या माणसाचं मला कळतं. त्यांचं नाही कळणार?"

नणंदबाईंनी सायकलीवरून घसरणारी पिशवी सावरली. मग खाली बघतच म्हणाल्या, "आणि मी?"

वहिनी थांबली. सायकलही थांबली.

"मी कधी राहिलेय गं त्या घरात एकटी? मागच्या वेळी डबा घेऊन आले, तो काय तुझ्या पोटासाठी? दिवेलागणीला घर खायला उठलं. पोथी उघडली, तर सगळं लक्ष दाराकडे. म्हटलं, देवा, तिला सोबत दे. खरं तर मागत होते स्वतःसाठी."

वहिनीनं नेहमीसारखी थट्टा केली नाही. "आधी का नाही बोललात?"

"या वयात? भीती वाटते म्हणून सांगू?"

वस्ती आली. सायकलवाल्यानं हवा भरली, वहिनीनं चाकाला कान लावून ऐकलं. ठिगळ धरून होतं. त्याच्याकडचा एक पंप विकत घेऊन तिनं पिशवीत घातला आणि उशी नणंदबाईंच्या हातात दिली. समोरच परतीची बस लागली होती. वहिनीनं सायकल वळवली, पण घराकडे नाही.

"अगं, दिवस कलला. उद्या बघू."

"रात्र अजून हातची गेलेली नाही. लॉज इथून लांब नाही." तिनं सायकलवर टांग टाकली, एक पाय जमिनीवर ठेवला. "वन्सं, एक मागू का तुमच्याकडे?"

"माग."

"आज देवापुढे बसाल, तेव्हा मला सोबत मागू नका. मागायचंच तर उद्या समोरून वारा नको, एवढं मागा. आणि शेजारणीला झोपायला बोलावू नका. गादी तुमच्या खोलीत न्या, दाराला कडी लावा आणि एकट्या झोपा. मी तिकडे झोपेन कशीही. पण तुम्हाला नाही जमलं, तर माझ्यानं निघवणार नाही."